जिभेला मत असू द्या

जेवताना गप्प बसा. ताटाकडे नीट बघा. घास तोंडात घालण्याआधी त्याचा रंग पाहा, वास घ्या, बोटांना तो कसा लागतो ते जाणून घ्या. बत्तीस वेळा चावा. आणि मुख्य म्हणजे, चांगलं-वाईट, आवडलं-नावडलं असा निवाडा करू नका. जे आहे ते नुसतं अनुभवा. रविवारच्या पुरवण्या, आहारतज्ज्ञांची व्याख्यानं आणि योगवर्गांची पत्रकं यांतून हा उपदेश गेली काही वर्षं इतका कानावर पडतो आहे की आता तो तोंडपाठ झाला. ‘माइंडफुल ईटिंग’ हे त्याचं मूळ नाव. मराठीत कुणी ‘सजग आहार’ म्हणतं, कुणी ‘जाणीवपूर्वक जेवण’.

मोबाइल बाजूला ठेवून जेवावं, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. भराभर गिळणाऱ्याला पोट भरल्याचं उशिरा कळतं, हेही खरं. पण त्या ‘निवाडा करू नका’ला माझी हरकत आहे, आणि ती किरकोळ नाही. चव घेणं म्हणजेच निवाडा करणं. मीठ कमी पडलंय, पीठ शिळं आहे, तांदूळ नवा आहे, ही मेथी नुसत्या पाण्यावर वाढलीय. यातलं काहीही मनात न येता जो जेवून उठतो त्याने रंग पाहिला असेल, वास घेतला असेल. चव घेतली असं मी म्हणणार नाही. हे सांगायला ग्रंथ उघडायची गरज नाही. आमच्या नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या ज्वारीच्या पट्ट्यात कुणाच्याही ओसरीवर बसा आणि भाकरीचा विषय काढा.

या पद्धतीचा आजचा अवतार अमेरिकेतला. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. बौद्ध ध्यानातल्या काही गोष्टी धर्माचं नाव न घेता त्यात आणल्या होत्या. त्यातला सगळ्यात गाजलेला धडा बेदाण्याचा. प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवायचा आणि सांगायचं, तुम्ही आत्ताच मंगळावरून उतरलात, अशी वस्तू जन्मात पाहिलेली नाही असं समजा. मग ती निरखायची, बोटांत फिरवायची, कानाशी धरायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची आणि सावकाश चावायची. दुखण्याने बेजार माणसाचं मन दहा मिनिटं एका जागी आणायला ही युक्ती चांगलीच आहे. खाण्याच्या विकाराने ग्रासलेल्या, घासागणिक स्वतःला कोसणाऱ्या माणसाला ‘स्वतःला दोष देऊ नकोस’ असं सांगणं हाही उपचारच. सजग आहाराचे जाणकार पुरस्कर्ते ‘निवाडा नको’चा अर्थ एवढाच सांगतात; तेवढ्यापुरतं त्यांचं माझं काही भांडण नाही. पण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडून भाड्याच्या सभागृहापर्यंत पोचेतो हा अर्थ वाटेतच गळून पडतो.

नगरच्या सावेडीतल्या एका सभागृहात असा वर्ग मी पाहिला आहे. डोळे मिटून बरीच माणसं एकेक बेदाणा चघळत बसली होती. माझ्या शेजारच्या बाई डोळे न उघडताच पुटपुटल्या, “आंबूस लागतोय. जुना माल दिसतोय.” वर्ग घेणाऱ्या ताईंनी हसून समज दिली, “असं लेबल नाही लावायचं काकू, फक्त अनुभवायचं.” मला विचाराल तर त्या अख्ख्या सभागृहात बेदाणा खाल्ला तो काकूंनी. बाकीच्यांनी मंगळावर काढलेली दहा मिनिटं पैसे भरून विकत घेतली.

मंगळावरून आलेल्या माणसाला बेदाण्याची चव कळणारच नाही. चव कळायला आधीचे बेदाणे खाल्लेले असावे लागतात. तासगावच्या सौद्यात उभा राहणारा व्यापारी मूठभर माल हातात घेतो, रंग पाहतो, दोन दाणे दाबतो, एक तोंडात टाकतो, आणि तेवढ्यात त्याला कळतं की द्राक्ष पुरतं पिकून उतरलं होतं की घाईने, शेडमध्ये माल नीट वाळला की ओल राहिली, पिवळेपणा आणण्यासाठी गंधकाची धुरी किती दिली. हे सगळं आठवणीच्या जोरावर. बेदाण्याचा धडा सांगतो की ही आठवण बाहेर ठेवून या. म्हणजे जिभेचं भांडवल आधी काढून घ्यायचं आणि मग तिला धंदा करायला लावायचं.

याला कुणी आपल्या परंपरेचा आधार देऊ लागलं की मला गंमत वाटते. बौद्ध भिक्षूने जेवताना करायचं चिंतन आहे; त्यात अन्न मौजेसाठी किंवा शरीर सजवण्यासाठी नसून देह टिकवण्यापुरतं आहे, असं स्वतःला बजावायचं असतं. गांधींच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ आहे: औषध घ्यावं तसं अन्न घ्यावं, जिभेचे लाड करू नयेत. आणि नगर शहरातल्या जैन घरांमध्ये चैत्रात आणि आश्विनात आयंबिलाची ओळी असते; नऊ दिवस, दिवसातून एकदाच, तेल-तूप, दूध-दही, गूळ-साखर, मसाला काही नाही, नुसतं उकडलेलं किंवा भाजलेलं धान्य. मी या तिन्हींपैकी एकही पाळत नाही, पाळण्याचा विचारही नाही. पण यांचं बोलणं सरळ आहे. चव हे बंधन आहे, ते तोडा, असं ही माणसं स्पष्ट सांगतात. आयंबिल करणारी बाई ‘मी आज अन्नाचा पाचही इंद्रियांनी उत्सव केला’ असं म्हणत नाही. आपण काय सोडलंय हे तिला पक्कं माहीत असतं. चवीचा आनंदही घ्या आणि चवीबद्दल मतही ठेवू नका, हे दोन्ही एका ताटात वाढायची शक्कल मात्र आजच्या बाजाराची.

भाकरीकडे येतो.

ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडता रगडता ते एकजीव होतं. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते. मग कितीही मळा, थापताना कडांना चिरा पडतात, आणि उचलताना भाकरी हातात तुटते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी आटत आलं की उलटायची, खालची बाजू पुरती शेकली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. पीठ चांगलं, थाप सारखी आणि आर बेताचा असला की ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. ही भाकरी ज्याने लहानपणापासून खाल्ली आहे त्याला पहिला तुकडा मोडतानाच अर्धी बातमी कळते. पापुद्रा कसा सुटला, आतली बाजू ओलसर आहे का, मोडताना ती तुटली की फाटली. चघळल्यावर येणारा हलका गोडवा असला तर ज्वारी मालदांडी. नसला तर दुसरं काही, किंवा मालदांडीच पण पावसात भिजलेली.

मालदांडीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला ३५-१ हा वाण १९३०च्या दशकातला. त्यानंतर १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. खरिपात तिने आणि तिच्या पुढच्या बहिणींनी उतारा वाढवला, कोठारं भरली. पण रब्बीच्या पट्ट्यात संकरित वाणांना तसा शिरकाव मिळाला नाही. कारणं बरीच होती: जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारं पीक, खोडमाशी, जनावरांना लागणारा कडबा. त्यांतच एक कारण भाकरीचंही होतं. बाजारात मालदांडीच्या पोत्याला जास्त भाव मिळत राहिला, कारण घेणाऱ्याची जीभ ‘ही नको, ती दे’ म्हणत होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे वसुधा, सुचित्रा, अनुराधा, रेवती असे रब्बीचे वाण काढले, तेव्हा त्यांनाही शेतकऱ्यांनी एकरी उताऱ्यानंतर दुसरा प्रश्न हाच विचारला की भाकरी कशी होते? या पट्ट्यातल्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी ज्वारी ‘निवाडा न करता नुसती अनुभवली’ असती तर आज मालदांडी संशोधन केंद्राच्या शीतगृहात बघायला जावं लागलं असतं.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळाली. तिने माणसं जगवली, यात शंका नाही. ती खाऊन जगलेली पिढी तरीही आजपर्यंत तिला नावं ठेवते. दुष्काळी कामांवरच्या सुकडीची आठवण काढताना त्याच माणसांचा चेहरा खुलतो. पोटात आग पडलेली असतानाही जीभ आपलं मत राखून होती, हे मला त्या पिढीबद्दल सगळ्यात आदराचं वाटतं. भुकेल्याला चवीचं काय, असं म्हणणारे बहुधा कधी भुकेले राहिलेले नसतात.

आता सावकाशीबद्दल. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थाने प्रत्येक घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावत राहण्याचा पंथ काढला होता. त्याला मोठमोठे अनुयायी मिळाले, आणि त्याच्या पश्चात पंथ विरला. हळू खाणं म्हणजे लक्ष देऊन खाणं, ही समजूत तेव्हापासून तगून आहे. पण चहाच्या लिलावाआधी चव बघणारे जाणकार चमचाभर चहा फुर्रकन ओढतात, तोंडात फिरवतात आणि थुंकून पुढच्या पेल्याकडे वळतात. ओळीने मांडलेले पेले. त्यांच्याइतकं लक्ष देऊन चहा कुणी पीत नाही, आणि त्यांच्याइतका घाईने तर नाहीच. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेलेली जोडपी अंधारातच कोपीवरून निघतात. भाकरी फडाच्या बांधावर, मोळ्या बांधता बांधता, गाडी यायच्या आत खाल्ली जाते. तिथे वीस मिनिटं डोळे मिटून बसायला मुकादम देणार आहे का? आणि तरी पहिल्याच घासाला तिथली बाई म्हणते, “गिरणीवाल्याने आधीचं कुणाचं तरी बाजरीचं पीठ मिसळलंय.” जीभ घडलेली असली की तिला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ती घडवायला, आणि तो वेळ जेवणाच्या ताटावर काढायचा नसतो. त्याला बालपण लागतं.

मौनाचंही तसंच. नगरला मौनाचं वावडं नाही. अरणगावजवळच्या मेहेराबादला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी धरलेलं मौन १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही, आणि त्यांचे भक्त अजून त्या तारखेला मौन पाळतात. पण ते मौन जेवणाचं नव्हे. आमच्याकडे जेवण बोलकं असतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी श्रावणात नवनव्या गावी भरतो. प्रसाद आमटी-भाकरीचा. गावोगावच्या घराघरांतून थापलेल्या भाकरी ट्रॉल्या भरून येतात आणि एकाच ढिगात पडतात. तुमच्या पत्रावळीवर कुणाच्या चुलीवरची भाकरी येईल ते सांगता येत नाही. शेजाऱ्याला पातळ आली, तुम्हाला जाड. मग पंगतीत चर्चा सुरू. ही कुठल्या गावची असेल, तिकडे बाजरी मिसळतात, ही गॅसवरची, हिला धुराचा वास आहे. प्रसादाला नावं ठेवत नाही कुणी. भाकरीला ठेवतात, आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. जीभ शिकते ती अशा बडबडीतून. लहान पोर शेजारी बसून ऐकतं, आपल्या घासाशी ताडून बघतं. डोळे मिटून गप्प बसलेल्या पंगतीत ते काय शिकणार?

चवीबद्दलच्या कडक मताचं नगरमध्ये घडलेलं सगळ्यात देखणं उदाहरण मात्र कुणा नगरकराचं नाही. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणलं. नेहरूंनी तिथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद आपल्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना, उर्दूत पत्रं लिहीत होते. पत्रं तुरुंगाबाहेर जाणार नव्हती, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. त्यात चहावर पानंच्या पानं आहेत. आझाद पहाटे, सगळे झोपेत असताना उठत, स्वतःच्या हाताने चहा करत, चमेलीच्या वासाचा चिनी चहा, आणि लहान लहान घोट घेत. इथवर सजग आहारवाले टाळ्या वाजवतील. पुढचं वाचावं. दूध घालून उकळलेल्या पेयाला हा माणूस चहा मानायलाच तयार नाही. ती सवय साहेबाने लावली म्हणून त्याला आणखी राग. साखर कशी असावी, किती स्वच्छ असावी, यावर तो हटून बसतो. साखरेतला फरक नेहरूंना पटवून द्यायचा त्याने प्रयत्न केला, पण नेहरू गुळावरही खूश, म्हणून त्यांची चेष्टाही करतो. ज्या जिल्ह्यात काही वर्षांतच, १९५०च्या सुमारास, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहणार होता तिथे बसून साखरेबद्दलची ही तक्रार!

हा चैनीचा चोचला होता, असं म्हणायला मी धजणार नाही. एप्रिल १९४३मध्ये आझादांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेट झाली नाही. कुठल्या कोठडीत राहायचं, कुणाला भेटायचं, पत्र कधी जायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवायचं असताना एका पेल्यापुरतं का होईना ‘हे बरोबर, हे चूक’ म्हणायचा अधिकार त्या माणसाने सोडला नाही. मत काढून घ्या आणि त्या पत्रांत उरेल ते एक गरम पेय.

आता माझ्या बाजूच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, कारण समोरचा ते ठेवणारच आहे. चवीबद्दल मत असावं हे ठीक, पण आपल्या घरांत हे मत कुणाच्या तोंडून निघालं आणि कुणावर कोसळलं? मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणारे, भाकरी करपली म्हणून बोल लावणारे पुरुष या जिल्ह्यात कमी झालेत, संपलेले नाहीत. ‘अन्नाला नावं ठेवू नयेत’ ही शिकवण घरात रुजली त्यामागे अन्नाचा आदर असेलही. चुलीपुढे बसलेल्या बाईचा बचाव हेही त्याचं एक कारण असणार, असं मला वाटतं. मग मी त्या ताट सरकवणाऱ्यांची वकिली करतोय का?

चिरा पडलेली भाकरी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्याला काहीच कळत नाही तो म्हणतो, “तुला भाकरी जमत नाही.” ज्याला कळतं तो विचारतो, “पीठ कधीचं आहे?” त्याच्याहून ज्याला जास्त कळतं तो ज्वारी कुठून आणली, रेशनची की घरची, किती दिवस गोदामात पडून होती, इथपर्यंत जातो. अर्धवट जीभ स्वयंपाकघरात अडकते आणि समोर दिसेल त्या माणसावर खापर फोडते. पुरती घडलेली जीभ कारणामागे कारण शोधत गिरणीत जाते, दुकानात जाते, शेतात जाते, बियाण्यापर्यंत जाते. ताट सरकवणाऱ्याची खोड त्याने निवाडा केला ही नव्हे, तो अडाणी निवाडा होता ही. पीठ मळून पाहिलेल्या हाताला असला निवाडा करवत नाही. आझाद स्वतःचा चहा स्वतः करत होते, हे लक्षात असू द्या.

आणि सजग आहाराचा उपदेश हा निवाडा कुठे नेऊन ठेवतो? खाणाऱ्याच्याच डोक्यावर. टोमॅटो बेचव लागला तर तुमचं लक्ष नव्हतं. पुन्हा सावकाश खाऊन बघा. टोमॅटो लांबच्या वाहतुकीसाठी जाड सालीचा निवडला असेल, कच्चा तोडला असेल, हे त्या वर्गात कुणी बोलत नाही. बोललं तर ते लेबल ठरतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट आता देशभर माहीत आहे. शाळेत न गेलेल्या महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी जुने वाण जपले, ‘बायफ’ या संस्थेच्या साथीने गावात बियाणे बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीच्या जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे सुरू कसं झालं, तर विकतच्या, औषधं मारलेल्या भाजीपाल्याने नातू आजारी पडतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. निष्कर्ष म्हणजे निवाडा. घरचं बियाणं आणि दुकानचं बियाणं यांत फरक आहे, आणि पहिलं चांगलं, असं त्या ठामपणे म्हणाल्या. कुणाला हा निवाडा सरधोपट वाटेल. मलाही सगळ्या संकरित बियाण्यांना एका फटक्यात बाद करणं पटत नाही. पण त्यांनी मत ठेवलं म्हणून वाण उरले. त्याच डोंगरपट्ट्यातला काळभात घ्या. तूस काळसर, आणि शिजायला लागला की त्याचा वास घराबाहेर येतो. उतारा कमी, म्हणून हिशेबाच्या वहीत तो कधीच हरला. तरी तिथले लोक घरटी थोडा का होईना लावत राहिले, सणाला, पाहुण्याला, कारण दुसरा भात त्यांच्या नाकाला पटत नव्हता. आज तो पुण्या-मुंबईत चढ्या भावाने विकला जातो. ज्यांनी त्याला ‘भारी’ आणि बाकीच्याला ‘नुसता भात’ ठरवलं त्यांचे आभार.

जिभेच्या मताला भाव मिळणं हा यातला खरा प्रश्न आहे, आणि तिथे आमचा जिल्हा चुकतो. हुरड्याचं बरं आहे. दाणा चिकातून पुढे सरकून हुरड्यात येतो ते दिवस थोडे. अलीकडे आलं तर पिठूळ पाणी, पलीकडे गेलं तर टणक दाणा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची यांतली कुठली आगटीत भाजली यावरून माणसं रस्ता बदलून दुसऱ्याच्या शेतावर जातात. राहुरीच्या विद्यापीठालाही खास हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर असे वाण काढावे लागले, ते या चोखंदळपणामुळेच. दुधाचं काय? संगमनेरपासून पारनेरपर्यंत गावागावात संकलन केंद्र आहे. किटली ओतली की यंत्र सांगतं, फॅट ३.५, एसएनएफ ८.५; त्यावर दर, त्याखाली कपात. भेसळ धरायला यंत्र हवंच. पण गाय काय खाते, दुधाला कसला वास आहे, तापवल्यावर साय कशी धरते, याचा रकाना त्या पावतीवर नाही. कडवळ खाल्लेल्या गायीचं आणि नुसत्या पेंडीवर पोसलेल्या गायीचं दूध एकाच टँकरात जातं. चव असणाऱ्याला एक पैसा जास्त मिळत नाही, म्हणून चव कुणी जपत नाही. पिशवी फोडून कपात ओतल्यावर शहरातल्या माणसाने ते दूध कितीही सजगपणे प्यायलं तरी जे टँकरात गेलं नाही ते त्याच्या जिभेवर कुठून येणार?

म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांना माझं एक सुचवणं आहे. बेदाणे परत न्या. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा आणि चव नोंदवही मागा. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने आणि पालकाने खाऊन पाहायचा आणि त्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. जगात फार थोड्या सरकारांनी चवीसाठी वही ठेवली असेल. आपण ठेवली आहे. तारीख, मेनू, चव पाहणाऱ्याचं नाव, शेरा, सही. बहुतेक पानांवर शेऱ्याच्या रकान्यात ओळीने ‘चांगली’, ‘चांगली’, ‘चांगली’. काही ठिकाणी आठवड्याचं एकदम. निवाडा न करण्याचा याहून उत्तम सराव कुठल्या वर्गात होत असेल?

त्या वहीत मुलांसाठी एक रकाना हवा. रोज चौथीची दोन मुलं लिहितील. तांदळाला पोत्याचा वास येतोय. वाटाणा कच्चा आहे. आज आमटी चांगली झाली, कारण मावशींनी घरचा मसाला आणला होता. पहिले काही महिने मुख्याध्यापकांना त्रास होईल, पुरवठादारालाही, आणि तालुक्याच्या पोषण आहार अधीक्षकांना तर होईलच. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना होऊ नये, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. मुलं ‘कच्चा’ म्हणाली की आधी गॅस पुरेसा आला होता का आणि धान्य कुठल्या महिन्याचं, ते तपासावं, मावशींचा नंबर शेवटी. पाचवीत जाईतो त्या मुलांना जुना तांदूळ आणि नवा तांदूळ न सांगता ओळखता येईल. खाताना ती डोळे मिटतात की उघडे ठेवतात, गप्प बसतात की एकमेकांच्या ताटात बघून भांडतात, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.